निधीमागची हमी

आपली नगरपरिषद : भाग ६

मागच्या भागात आपण पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा पाहिला. छोट्या शहरांच्या वाट्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले असतात, ते इतरत्र वळवता येत नाहीत. आज घरांच्या पैशाकडे येऊ.

शिरूर असो वा दौंड, सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय एका ओळीत येतो : पंतप्रधान आवास योजनेच्या प्रकल्प अहवालास मंजुरी देणे. सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर. पण त्या एका ओळीत नगरपरिषद बरंच काही कबूल करते.

ही योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं आणि नवं घर घरातल्या बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असावं, या त्या कुटुंबासाठीच्या अटी. नगरपरिषदेकडेही कामं येतात : यादी तपासायची, बांधकाम परवानगी द्यायची, टप्प्याटप्प्यावर जागेवर जाऊन फोटो चढवायचा आणि शेवटी खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं.

फोटोला किती मोल असतं, हे जोत्यापाशी उभं राहिल्यावर कळतं. जुनं पत्र्याचं घर मोडलेलं, संसार भाड्याच्या खोलीत, आणि जोतं बांधून तयार. अभियंता मोबाईल घेऊन येईल, फोटो चढेल, तेव्हाच पुढच्या हप्त्याची वाट मोकळी. तो महिनाभर आला नाही, तर त्या महिन्याचं भाडं त्या कुटुंबाच्याच खिशातून जातं. कार्यालयातल्या ढिलाईची किंमत अशी घराघरात मोजली जाते.

खरी अडचण याच्याही आधी, जागेपाशी आहे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर नाव नसेल, तर अर्ज तिथेच अडतो. सरकारी जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणं या योजनेसाठी नियमित करण्याचं धोरण राज्याने २०१८ मध्ये आणलं. पण दौंड हे रेल्वे जंक्शनचं गाव. झोपडी रेल्वेच्या हद्दीत असेल, तर राज्याचं धोरण तिथवर पोचत नाही, कारण ती जमीन केंद्राची. शिरूरचा प्रश्न वेगळा. रांजणगावच्या एमआयडीसीत राबणारा जो कामगार शिरूरला खोली करून राहतो, त्याला स्वतःच्या जागेची अट कशी पुरी करता येणार? दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची सोय आहे, पण त्यासाठी नगरपरिषदेला आधी जागा शोधावी लागेल.

ठराव करून निधी घेताना नगरपरिषद ही सगळी कामं करण्याची हमीच देत असते. अशी हमी कागदावरच राहिली तर काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यूयॉर्कजवळची वेस्टचेस्टर काउंटी घरबांधणी आणि वस्तीविकासासाठी केंद्राचा निधी घेत होती. घरांच्या बाबतीत वंशभेद होऊ नये म्हणून आम्ही झटतो, असं प्रमाणपत्र ती त्यासाठी देत असे. एका संस्थेने ते खोटं ठरवत दावा लावला. २००९ मध्ये काउंटीने तडजोड केली : सव्वासहा कोटी डॉलर आणि ७५० परवडणारी घरं, तीही मुख्यतः गोऱ्यांच्या वस्त्यांत. निधी घेताना केलेली सही अशी वसूल झाली.

आपल्याकडे अशी वसुली सभागृहातच व्हायला हवी. झोपडपट्टी सुधारणा आणि शहरी दारिद्र्य निर्मूलन ही राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतली कामं आहेत. म्हणजे हा विषय नगरपरिषदेच्या हक्काचा आहे. नगरसेवकांनी दर सभेला तीन आकडे मागावेत : जागेच्या कागदावाचून किती अर्ज अडले, जोत्यापर्यंत येऊन किती घरं थांबली, आणि भाड्याने राहणाऱ्यांसाठी कोणती जागा पाहिली. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. वॉर्डातल्या माणसानेही आपल्या नगरसेवकाला हेच विचारावं. 'निधी आणला' हा फलक लागतो त्या दिवशी काम संपत नाही, सुरू होतं.

पुढच्या भागात : इतिवृत्त कसं मागायचं आणि कसं वाचायचं.