जिन : एका इवल्या शब्दाची वंशावळ

दसरा उलटून वेचणीच्या आरंभीचा सीतादहीचा विधी आटोपला आणि वेचलेला कापूस पडवीत मावेनासा झाला, म्हणजे नागपूरपासून वर्धा-हिंगणघाटापर्यंतच्या मुलखात जो शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी ऐकू येतो, तो ‘जिन’ होय. इंग्रजीत तो सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राचा वाचक आहे. आपल्याकडे मात्र ते यंत्र, त्याचा कारखाना आणि जिथे गाड्या खोळंबतात ते आवार, एवढे सारे त्याच्या पोटात सामावले आहे. हा अर्थविस्तार कोशकारांचा नव्हे, गाडीवानांचा आहे, आणि माझ्या मते तो मूळ अर्थापेक्षा सरस आहे.

या शब्दाचे मूळ घराणे मोठे कुलीन. लॅटिनमधील ‘इंजेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी; तो ज्या धातूपासून निघाला तो आपल्या ‘जन्’ धातूचा भाऊबंद. बुद्धीपासून युक्ती आणि युक्तीपासून यंत्र अशी अर्थाची उतरण होत हा शब्द फ्रेंचांच्या मार्गे इंग्लंडात पोचला, आणि तेथे पहिले अक्षर गळून जो ‘जिन’ उरला तो कधी पाखरे धरण्याचा फास, तर कधी ओझे उचलण्याची यारी अशा निरनिराळ्या युक्तींना लावला गेला. अक्षर न गळालेले रूप ‘इंजिन’ म्हणून नांदत राहिले. म्हणजे १८६७ साली लोहमार्गाने नागपुरात जे दाखल झाले आणि पुढे कापसाच्या आवारात जे धडधडू लागले, ती एकाच शब्दाची दोन रूपे होत.

‘जिन’ नावाच्या मद्याचा या घराण्याशी संबंध नाही. ते हॉलंडच्या ‘जेनेव्हर’चे संक्षिप्त रूप असून त्याच्या मुळाशी जुनिपरचे झुडूप आहे. घोड्यावरचे जीन फारसी, तर जाड्या कापडाचे जीन जिनोआ शहराचे. अरबी कथांतल्या ‘जिन्ना’ची गोष्ट मात्र गमतीची आहे : अठराव्या शतकाच्या आरंभी गालाँ या फ्रेंच पंडिताने त्या कथा भाषांतरित करताना ध्वनिसाम्य पाहून त्यास ‘जेनी’ म्हटले, आणि तो शब्द लॅटिन ‘जीनियस’चा वंशज असल्यामुळे बाटलीतले ते भूत आडवाटेने आपल्या यंत्राचे चुलत नातेवाईक ठरले.

यंत्राचा इतिहास मात्र शब्दाइतका निरुपद्रवी नाही. एली व्हिटनी या अमेरिकन गृहस्थाने १७९३ साली दातेरी जिन रचले आणि पुढच्या वर्षी त्याचे पेटंट घेतले. त्याने सरकी काढण्याचे काम इतके स्वस्त झाले की दक्षिणेकडील जमीनदारांची कापसाची हाव बेसुमार वाढली, आणि १७९० साली सुमारे सात लाख असलेली गुलामांची संख्या १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेली. त्यातून १८६१ साली यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, आणि त्यांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीकडे वळली. सरकारने येथील कापसासाठी रिव्हेट-कार्नाक हा स्वतंत्र कमिशनर नेमला. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस सम्राज्ञीपद जाहीर झाले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. व्हिटनीच्या दातेरी जिनाची दूरवर उडालेली ठिणगी अशी आपल्या अंगणात येऊन पडली.

तथापि व्हिटनीचे दातेरी जिन या मुलखाने मनापासून स्वीकारले नाही. दाते धागा तोडतात, ही त्याच्याविरुद्धची जुनी तक्रार. विदर्भातील बहुतेक जिनांत आजही चामड्याचे दोन रूळ फिरतात आणि त्यांस टेकलेल्या पातीशी अडून सरकी खाली गळते. हे यंत्र मॅकार्थी नावाच्या संशोधकाने १८४० साली पेटंट घेतलेल्या जिनाचे वंशज आहे. रुळाने सरकी वेगळी करण्याचे तत्त्व तर त्याहून कितीतरी जुने, कारण अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एका रुळाची चरखी अभ्यासकांनी ओळखली आहे. आपल्याकडे या कामास ‘रेचाई’ असा नेटका शब्द होता. तो ग्रंथांत राहिला आणि बाजारात जिन रूढ झाले.

१९८५ पासून नागपुरात जिनिंगचे सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे आणि तेथे रुळांची निगराणी व पातींचा ताण शास्त्रशुद्ध शिकवला जातो. शेतकऱ्याला मात्र त्या सगळ्यातून एकच गोष्ट विचारायची असते, ती म्हणजे ‘उतारा’. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. त्या आकड्यात एखाद-दुसऱ्या किलोचा फरक पडला की भाव घासाघिशीस येतो, आणि जिनाच्या फाटकाशी आवाज चढू लागतात.