सर्व्हर ठणठणीत असतो, फोल्डर फुगलेलं असतं! पपेट आणि अ‍ॅन्सिबल मोठ्या फोल्डरपुढे का अडकतात?

नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरताना तुम्ही फोटो, सही आणि मार्कशीट अपलोड करता. तुमच्यासारखे लाखो लोक तेच करतात. या सगळ्या फाइल्स जातात कुठे? बऱ्याचदा सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरमध्ये. वर्ष-दोन वर्षं सगळं सुरळीत चालतं. मग एके दिवशी सर्व्हर सांभाळणारी टीम डोक्याला हात लावून बसते, कारण दोन मिनिटांत संपणारं नेहमीचं काम तासभर झालं तरी संपत नाही.

हे काम करणाऱ्या टूल्सना कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट टूल्स म्हणतात. शंभर सर्व्हरवर एकेक करून सेटिंग करत बसण्यापेक्षा "काय कसं असायला हवं" हे एकदाच लिहून ठेवायचं आणि बाकीचं टूलवर सोपवायचं, अशी ही पद्धत. १९९३ मध्ये मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन आणलं, २००५ मध्ये पपेट आलं आणि २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल. आज मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर अशाच टूल्सवर चालतात.

मग घोडं अडतं कुठे?

पपेटला एखादं फोल्डर "आतल्या सगळ्यासकट सांभाळ" असं सांगता येतं. या सेटिंगचं नाव रिकर्स. लिहायला एकच ओळ लागते, पण पपेट आतल्या प्रत्येक फाइलसाठी मेमरीत एक स्वतंत्र नोंद तयार करतं. तीन लाख फाइल्स असतील तर तीन लाख नोंदी! शेवटी तयार होणारा रिपोर्टही तेवढाच फुगतो.

त्यात फाइलचा मजकूर बदललाय का हे बघायचं असेल, तर चेकसम काढावा लागतो. चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा. तो काढायला अख्खी फाइल वाचावी लागते. आता हिशोब करा. तीन लाख फोटो, प्रत्येकी एक एमबी. डिस्क सेकंदाला १५० एमबी वाचत असेल, तर नुसत्या वाचनालाच ३३ मिनिटं लागतात. आणि पपेट ठरलेल्या सेटिंगप्रमाणे दर ३० मिनिटांनी धावतं!

म्हणजे पहिली फेरी संपायच्या आत दुसरीची वेळ होते. आधीची फेरी चालू असेल तर पपेट नवी सुरूच करत नाही. खरा धोका इथे आहे. त्याच फेरीतून एखादा तातडीचा सुरक्षा बदल जाणार असेल, तर तोही रांगेत अडकतो. मेमरी संपली तर लिनक्स एखादा प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करतं, आणि तो नेमका डेटाबेसही असू शकतो.

अ‍ॅन्सिबलचं दुखणं थोडं वेगळं आहे. त्याचं कॉपी मॉड्यूल फोल्डरमधल्या फाइल्स एकेक करून तपासतं आणि पाठवतं. शेकड्यांच्या वर फाइल्स गेल्या की हे मॉड्यूल झेपत नाही, असं अ‍ॅन्सिबलच्या माहितीपत्रातच लिहिलेलं आहे.

दोषी फोल्डर कसं शोधायचं?

आधी कुठली पायरी वेळ खाते ते बघायचं. पपेट 'इव्हॅलट्रेस' हा पर्याय लावून चालवलं की प्रत्येक नोंदीला किती वेळ लागला ते दिसतं. अ‍ॅन्सिबलमध्ये 'प्रोफाइल टास्क्स' हेच काम करतं.

मग फाइल्स मोजायच्या. इथे साधी 'एलएस' कमांड देऊ नये, कारण ती सगळी नावं आधी क्रमाने लावते आणि तोवर स्क्रीन थिजून राहते. त्याऐवजी 'फाइंड' वापरावी. सोबत 'डीएफ' कमांड 'आय' पर्यायासह चालवावी. डिस्कवर जागा शिल्लक असूनही आयनोड, म्हणजे फाइल्सच्या नोंदींचा कोटा, संपलेला असू शकतो.

उपाय काय?

पहिला प्रश्न असा विचारायचा: या फाइल्स टूलने सांभाळायलाच हव्यात का? लोकांनी अपलोड केलेले फोटो हा डेटा आहे, कॉन्फिगरेशन नाही. टूलने फक्त वरचं फोल्डर, त्याचा मालक आणि परवानग्या बघाव्यात. आतल्या फाइल्सना योग्य मालक जन्मतःच मिळेल अशी सोय अ‍ॅप्लिकेशनमध्ये करावी.

आत शिरणं गरजेचंच असेल तर पपेटमध्ये 'रिकर्सलिमिट' लावून किती पातळ्या खाली जायचं ते ठरवता येतं. मजकूर तपासायचा नसेल तर चेकसम 'नन' ठेवता येतो. पपेटच्या नव्या आवृत्त्या हजाराच्या वर फाइल्स दिसल्या की इशारा देतात. तो इशारा बंद करण्याआधी कारण शोधलेलं बरं.

हजारो फाइल्स पाठवायच्या असतील तर त्यांचं एक पॅकेज किंवा झिप बनवावं. मग टूलला एकच आवृत्ती तपासावी लागते. अ‍ॅन्सिबलमध्ये 'सिंक्रोनाइझ' मॉड्यूल आहे. ते आरसिंकच्या मदतीने फक्त बदललेलं तेवढं पाठवतं.

फोल्डरची विभागणीही करता येते. गिट हेच करतं. फाइलच्या ठशाची पहिली दोन अक्षरं घेऊन ते २५६ उपफोल्डरमध्ये माल वाटून टाकतं.

एक चूक मात्र महागात पडते

रिकर्ससोबत 'पर्ज' नावाची सेटिंग लावली, तर आपल्या यादीत नसलेली प्रत्येक फाइल पपेट उडवून टाकतं. अपलोडच्या फोल्डरवर ती लागली, तर लोकांची कागदपत्रं एका फेरीत साफ! म्हणून असा कुठलाही बदल आधी पपेटच्या 'नूप' किंवा अ‍ॅन्सिबलच्या 'चेक' मोडमध्ये चालवून बघावा. त्यात प्रत्यक्ष काही बदलत नाही, काय बदललं असतं तेवढं कळतं. बॅकअप हाताशी आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्यावं.

पुढच्या वेळी एखादी साइट "सर्व्हर अपग्रेड करूनही" रडतखडत चालत असेल, तर लक्षात ठेवा. नवीन मशीन घेण्याआधी एक फोल्डर उघडून आतल्या फाइल्स मोजणं पुष्कळ स्वस्त पडतं.