पाण्याच्या कडेला खोचलेली काडी

होडी काठावर ओढून घेतली की मामा पहिलं काम एकच करतात. एक वाळकी काडी उचलतात आणि पाणी जिथे जमिनीला टेकतं, नेमकी तिथे खोचून ठेवतात. तंबू, स्टोव्ह, चहा हे सगळं त्यानंतर. पहिल्या दिवशी आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "सकाळी बघा."

आम्ही चौघं डोंबिवली पश्चिमेचे. रेतीबंदरावरच्या होड्या बघत लहानाचे मोठे झालो, तरी वल्हं कधी हातात आलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारला धरून निघालो. शुक्रवारी संध्याकाळची कसारा लोकल, तिथून आधी ठरवून ठेवलेल्या जीपने घाट चढून इगतपुरी, घोटी आणि बारीवरून शेंडी. रात्री आमच्या होडीवाल्या मामांच्या पडवीत झोपलो. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडी आहे. रतनवाडीला आता गाडीरस्ता आहे, त्यामुळे पूर्वी रतनगडावर जाणारे ट्रेकर शेंडीहून पाण्याने जात ती निकड आज उरलेली नाही. आम्हाला रतनवाडीत उतरायचंच नव्हतं. तिच्या अलीकडे, डोंगराच्या दोन सोंडांमध्ये पाणी आत शिरलंय, तिथे रस्ता येत नाही. गाडीने आलेला माणूस समोरच्या काठावर उभा राहून ती जागा नुसती बघू शकतो.

सकाळी साडेसहाला सामान काठावर मांडलं. होडी पत्र्याची, आडव्या दोन फळ्या बसायला. मामांनी सगळ्या पिशव्या एकेक करून हातात तोलून पाहिल्या. आम्ही घरी काट्यावर वजन करून आणलं होतं, पण त्यांचं माप वेगळं होतं. पाच माणसं आणि सामान चढल्यावर होडीचा काठ पाण्यापासून किमान वीतभर वर राहिला पाहिजे. घडीच्या खुर्च्या आणि पाण्याचा मोठा जार तिथेच निघाला. "पाण्यातूनच तर चाललोय," मामा म्हणाले. जड सामान मध्ये आणि तळाला, स्टोव्हचे गॅसचे डबे वेगळ्या पिशवीत, झोपायच्या पिशव्या दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून पुढच्या टोकाला. प्रत्येक पिशवी दोरीने फळीला बांधली आणि प्रत्येक गाठ त्यांनी स्वतः ओढून पाहिली. लाइफ जॅकेटचे पट्टेही त्यांनीच आवळले.

घाई होती ती वाऱ्याची. सकाळी पाणी आरशासारखं असतं. ऊन तापलं की पश्चिमेकडून, घाटघरच्या कड्यावरून कोकणातला वारा वर चढतो आणि खोऱ्यातून थेट समोर येतो. रतनवाडीकडे जाणाऱ्या होडीला तो तोंडावर बसतो. त्यामुळे बारा वाजायच्या आत पोचायचं, आणि परतीलाही सकाळच धरायची. मागून येणारा वाराही भरल्या होडीला चांगला नसतो, मागच्या टोकावरून पाणी आत घेतो.

वल्हवणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो, याची सवय व्हायला वेळ लागतो. पुढे काय आहे ते दिसत नाही, मागे काय सुटतंय तेवढंच दिसतं, आणि त्यावरूनच दिशा धरायची. मामांनी खूण दिली: धरणाच्या भिंतीचं टोक आणि तिच्यामागच्या डोंगरातली खाच एका रेषेत ठेवा. रेष मोडली की होडी वळलीच. वल्हं खुंटीला दोरीच्या फासाने अडकवलेलं. पहिली दहा मिनिटं मी हाताच्या जोराने ओढत होतो, पातं खोल घालत होतो, आणि दमून गेलो. पातं जेमतेम बुडेल एवढंच घालायचं, पाय समोरच्या फळीला रेटायचे आणि ओढ पाठीतून काढायची. हात फक्त धरायला. हे जमलं तेव्हा होडीच्या तळाखाली पाण्याचा बारीक आवाज सुरू झाला. तो आवाज सारखा येत राहिला म्हणजे वल्ही बरोबर पडताहेत.

डाव्या हाताला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. समोर, म्हणजे खरं तर मागे, विल्सन धरणाची दगडी भिंत लहान लहान होत गेली. १९१० मध्ये सुरू झालेलं हे काम १९२६ मध्ये पुरं झालं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. भिंतीआड साधारण ११ टीएमसी पाणी साठतं. ते सगळं प्रवरेचं आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांचं. प्रवरा रतनगडावर उगम पावते, म्हणजे आम्ही तिच्याच पोटावरून तिच्या उगमाकडे चाललो होतो. दोन तासांत पोचलो. तळवे सोलवटले होते.

पाण्याच्या वर उघड्या पडलेल्या तळाचे पट्टे होते, एकाखाली एक. प्रत्येक पट्टा म्हणजे पाणी काही दिवस थांबलं होतं ती पातळी. सगळ्यात वर, झाडं जिथे सुरू होतात, ती भरलेल्या धरणाची रेघ. आमची जागा पाणी आणि ही रेघ यांच्या मध्ये, पाण्यापासून दोन पुरुष उंचीवर. वरच्या शेतात काम करणाऱ्या आजींना विचारूनच तंबू लावले. अगदी काठाशी लावू नये, याचं कारण रात्री कळतं. डोंगरावरची थंड हवा उताराने खाली येते आणि पाण्याजवळच्या खोलगट जागेत साचते, त्यात पाण्याची ओल मिसळते. तंबूच्या आतल्या कापडाला आपल्याच श्वासाचं पाणी धरतं आणि पहाटे ठिबकायला लागतं. म्हणून जरा वर, दारं दोन्ही बाजूंनी बोटभर उघडी. ही जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जाते, त्यामुळे इथे मुक्काम फक्त पाणी उतरणीला असतानाच करायचा.

आजूबाजूचं रान १९८६ पासून कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. गवत वाळून कडकडीत झालेलं. शेकोटीचा विषय आम्ही डोंबिवलीतच संपवला होता. स्टोव्हभोवती दगड रचले, पाणी फडक्याने गाळून खळखळून उकळलं, त्यातच पिठलं आणि भात. विधीसाठी पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं वर, खुरप्याने वीतभर खड्डा, नंतर माती परत. हे लिहायला संकोच वाटत नाही, कारण तळ्याकाठच्या बऱ्याच जागा याच एका गोष्टीने नासल्या आहेत, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं.

दुपारी पायवाटेने रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचं दर्शन घेऊन आलो. परत येईपर्यंत वारा सुटला होता, सकाळच्या त्याच पाण्यावर पांढऱ्या रेघा उठत होत्या. सूर्य मावळला तसा तो पडला. रात्री रतनगडाचं नेढं काळ्या आकाशात दिसेना, पण त्या जागी एकही तारा नसलेला डोंगराचा आकार दिसत होता. थंडीने झोप तुटक लागली.

सकाळी काडीपाशी गेलो. पाणी काडीपासून खाली उतरलं होतं, चार बोटं नव्हे, चांगलं वीतभर. काठ उताराचा असल्यामुळे चालत मोजलं तर तीन पावलं. संध्याकाळी अर्धी पाण्यात ठेवलेली होडी आता पूर्ण चिखलावर बसली होती. "आवर्तन सुटलंय," मामा म्हणाले. आम्ही झोपलो होतो तेव्हा आमच्या पायाखालचं पाणी भिंतीतून निघून खाली अकोले, संगमनेरच्या वाटेला लागलं होतं, कुणाच्या तरी उसाला, गव्हाला. हीच नदी पुढे नेवाशाला जाते, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पाणी आपलं नाही, ते वाटेवर असताना आपण त्याच्याकडे एक रात्र राहिलो, हे इतक्या स्पष्टपणे मला आधी कधी कळलं नव्हतं.

होडी ढकलताना चिखलात पोटरीपर्यंत पाय गेले. सामान उतरवून रिकामी होडी सरकवली, मग पाण्यात उभं राहून सगळं पुन्हा चढवलं, कचऱ्याची पिशवी शेवटी आणि वर. या वेळी खूण उलटी होती: समोर रतनगड, पाठीला धरण. दोघादोघांनी पाळ्या लावल्या. पावणेनऊला शेंडी आली तेव्हा पाण्यावर एकही सुरकुती नव्हती.

ऑगस्टमध्ये मामांना फोन केला. पाऊस कसा आहे विचारलं, मग ती जागा कशी आहे विचारलं.

"तुमचा तंबू होता ना दादा, तिथं दोन पुरुष पाणी आहे आता."