मार्ला रुझिका

मार्ला रुझिका (३१ डिसेंबर, १९७६; लेकपोर्ट, कॅलिफोर्निया, अमेरिका - १६ एप्रिल, २००५; बगदाद, इराक) या अमेरिकन मानवतावादी कार्यकर्त्या होत्या. अफगाणिस्तान व इराक येथील युद्धांत अमेरिकी सैन्याच्या कारवाईत मृत्युमुखी पडलेल्या आणि जायबंदी झालेल्या सामान्य नागरिकांची नोंद व्हावी, तसेच त्यांच्या कुटुंबीयांना अमेरिकी शासनाने साहाय्य द्यावे, यासाठी त्यांनी कार्य केले. बगदादच्या विमानतळ मार्गावर झालेल्या आत्मघाती मोटारबॉम्बच्या स्फोटात, वयाच्या २८व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे इराकी सहकारी फैझ अली सालिम हेही त्याच स्फोटात मरण पावले.

पूर्वायुष्य

लेकपोर्ट हे उत्तर कॅलिफोर्नियातील एक लहानसे गाव. तेथे वाढलेल्या रुझिका यांनी विद्यार्थिदशेतच परदेशी प्रवास केला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को येथील ‘ग्लोबल एक्स्चेंज’ या संस्थेसाठी काम केले. आरंभी त्या युद्धविरोधी निदर्शनांत भाग घेणाऱ्या कार्यकर्त्या म्हणूनच परिचित होत्या.

अफगाणिस्तान

तालिबानची सत्ता कोसळल्यानंतर लवकरच त्या काबूलला पोहोचल्या. बॉम्बवर्षावात घरातील माणसे गमावलेल्या कुटुंबांना भेटून त्यांनी त्यांची माहिती लिहून घेण्यास सुरुवात केली. एप्रिल २००२मध्ये अशा काही कुटुंबांना घेऊन त्यांनी काबूलमधील अमेरिकी दूतावासासमोर निदर्शने केली. परंतु केवळ घोषणा देऊन पीडितांच्या हाती काही पडत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यानंतर त्यांनी वॉशिंग्टनची वाट धरली. व्हरमाँटचे सेनेटर पॅट्रिक लेही यांनी त्यांचे म्हणणे उचलून धरले आणि युद्धात हानी पोहोचलेल्या अफगाण नागरिकांच्या साहाय्यासाठी अमेरिकी अर्थसंकल्पात तरतूद झाली. ज्या शासनाविरुद्ध निदर्शने केली, त्याच शासनाच्या सेनाधिकाऱ्यांशी व लोकप्रतिनिधींशी बोलून काम करवून घेणे, ही त्यांच्या कार्याची पुढील दिशा ठरली.

इराक आणि मृतांची गणना

२००३मध्ये त्यांनी ‘कॅम्पेन फॉर इनोसंट व्हिक्टिम्स इन कॉन्फ्लिक्ट’ (सिव्हिक) ही संस्था स्थापन केली. सद्दाम हुसेन यांची राजवट संपुष्टात आल्यावर सुमारे दीडशे इराकी स्वयंसेवकांच्या मदतीने घरोघरी जाऊन नागरी बळींची पाहणी करण्यात आली. मृताचे नाव, वय, घटनेचे ठिकाण, मागे कोण राहिले, अशी ही माहिती होती. अमेरिकी सैन्य मृतांची मोजदाद करीत नाही, अशी त्या काळी अधिकृत भूमिका होती; त्यामुळे या साध्या टिपणांना विशेष महत्त्व आले. नोंदच नसेल तर मागणी कशाच्या आधारे करणार?

येथे कायद्यातील एक अडचण समजून घेणे आवश्यक आहे. परदेशी नागरिकांच्या हानीबद्दल भरपाई देण्यासाठी अमेरिकेत १९४२चा कायदा आहे. तथापि प्रत्यक्ष लढाईत झालेली हानी त्यातून वगळलेली आहे. लष्करी वाहनाने चालता चालता कुणाला धडक दिली तर दावा दाखल करता येतो, मात्र चकमकीत गोळी लागून मनुष्य दगावला तर येत नाही. यावर उपाय म्हणून इराकमध्ये सेनाधिकाऱ्यांना सांत्वनापर रक्कम देण्याची मुभा मिळाली. एका मृत्यूसाठी ती सर्वसाधारणतः २,५०० डॉलरपर्यंत असे. ही रक्कम म्हणजे दोषाची कबुली नव्हे. आपल्याकडील शासकीय भाषेत ‘नुकसानभरपाई’ आणि ‘सानुग्रह अनुदान’ या शब्दांत जो भेद आहे, तोच येथेही आहे. पहिल्यात घेणाऱ्याचा हक्क मान्य होतो, दुसऱ्यात देणाऱ्याची मर्जी राहते.

लेही यांच्या प्रयत्नांमुळे इराकी नागरिकांसाठीही निधी मंजूर झाला. त्यातून रोख रक्कम न देता घरांची दुरुस्ती, औषधोपचार, लहान व्यवसाय उभारण्यास मदत अशा स्वरूपाचे साहाय्य अमेरिकेच्या विकास संस्थेमार्फत (यूएसएड) देण्यात आले.

मृत्यू

१६ एप्रिल, २००५ रोजी रुझिका व सालिम बगदादच्या विमानतळ मार्गावरून मोटारीने जात होते. हा रस्ता त्या काळी शहरातील अत्यंत धोकादायक रस्त्यांपैकी एक समजला जाई. जवळून जाणाऱ्या वाहनांच्या ताफ्यावर आत्मघाती हल्ला झाला आणि त्यात त्यांची मोटार सापडली. हल्ल्याचे लक्ष्य ते दोघे नव्हते. ज्या प्रकारच्या मृत्यूंची नोंद ते करीत होते, तशाच प्रकारचा हा मृत्यू होता.

मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांनी लिहिलेला एक लेख मरणोत्तर प्रसिद्ध झाला. २८ फेब्रुवारी ते ५ एप्रिल, २००५ या काळात बगदादमध्ये अमेरिकी सैन्य व बंडखोर यांच्या चकमकींत लहान शस्त्रांच्या गोळीबाराने २९ नागरिक मारले गेले, हा आकडा त्यांना एका अमेरिकी सेनाधिकाऱ्याकडून मिळाला होता. आकडा एका शहराचा आणि पाच आठवड्यांचाच असला, तरी सैन्य नोंद ठेवते, हे त्यावरून दिसून आले. ही आकडेवारी जाहीर करावी, अशी त्यांची मागणी होती.

स्मृती

सेनेटर लेही यांनी सेनेटमध्ये त्यांना श्रद्धांजली वाहिली. मे २००५मध्ये संमत झालेल्या खर्चविषयक कायद्यान्वये इराकमधील साहाय्यनिधीला ‘मार्ला रुझिका इराकी युद्धपीडित निधी’ असे नाव देण्यात आले. २००६मध्ये जेनिफर अब्राहमसन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

फैझ अली सालिम हे संस्थेचे इराकमधील काम पाहत. पीडित कुटुंबांशी अरबीतून बोलणे, त्यांचा विश्वास मिळवणे त्यांच्यावाचून शक्य नव्हते. निधीच्या नावात मात्र त्यांचा उल्लेख नाही. युद्धक्षेत्रात प्राण गमावणारे बहुसंख्य मदतकर्मी त्याच देशाचे रहिवासी असतात. जगाच्या स्मरणात राहतात ते बहुधा बाहेरून आलेले. सालिम यांच्याविषयीची माहितीही बव्हंशी रुझिका यांच्यावरील लेखनातूनच मिळते.

संस्था पुढे ‘सेंटर फॉर सिव्हिलियन्स इन कॉन्फ्लिक्ट’ या नावाने कार्यरत राहिली. २०२० या आर्थिक वर्षासाठीच्या अमेरिकी संरक्षण कायद्याने नागरी बळींच्या कुटुंबांना सानुग्रह रक्कम देण्यासाठी वर्षाला ३० लक्ष डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा दिली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अहवालानुसार २०२० या वर्षात त्यांपैकी एकही रक्कम देण्यात आली नाही.