शिलेवर नसलेली नावे

मुंबईच्या चर्चगेटला ज्या चर्चवरून नाव मिळाले, ते फोर्टमधील सेंट थॉमस कॅथीड्रल होय. १७१८ साली उपासनेसाठी खुल्या झालेल्या या वास्तूत कंपनीच्या अमदानीतील अनेक स्मृतिशिला आहेत. त्यांपैकी एक स्मारक ब्रिटिश नौदलातील कॅप्टन जॉर्ज हार्डिंज यांचे. मार्च १८०८ मध्ये ‘पिएमाँतेझ’ ही फ्रेंच युद्धनौका जिंकताना ते धारातीर्थी पडले. ही नौका हिंदी महासागरात कंपनीची व्यापारी जहाजे पकडीत असे. तेव्हा या संगमरवरात शौर्याइतकाच व्यापारही कोरलेला आहे, असे म्हणावे लागते.

या चर्चच्या उभारणीस आरंभ करणारे गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांना मुंबईचे संस्थापक म्हटले जाते. १६६८ साली कंपनीस वर्षाला अवघ्या १० पौंडांच्या खंडाने मिळालेल्या बेटावर त्यांनी व्यापाऱ्यांना पाचारण केले, हे खरे. परंतु पेठ एकटा गव्हर्नर वसवीत नसतो. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. त्यांच्या हाताखाली राबलेल्या सुतारांची नावे कोणी कोरली?

१९६५ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यांवरील राजपुतळे हलविण्यात आले. चर्चमधील शिला राहिल्या. त्या राहाव्यातच. खतावणीचे पान फाडल्याने हिशेब चुकता होत नाही. मात्र लाखनीहून सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्याने ती शिला वाचताना, तिच्यावर कोणाचे नाव नाही, हेही विचारले पाहिजे. तो प्रश्न शिकविणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे.