दूरचित्रवाणी व ठाणें जिल्ह्यांतील भातशेती

दापोलीचें कृषि विद्यापीठ व मुंबईचें दूरदर्शन केंद्र हीं दोन्ही १९७२ सालींच सुरू झालीं. पहिलें मे महिन्यांत, दुसरें २ ऑक्टोबर रोजीं. एकानें कोंकणच्या जमिनीस व पावसास मानवेल असें ज्ञान शोधावें, दुसऱ्यानें तें घरोघर पोंचवावें, असा हा योग होता. ‘आमची माती आमची माणसं’ हा दूरदर्शनचा शेतकीविषयक कार्यक्रम कल्याणकडील खेड्यांतही आवडीनें पाहिला जाई. ज्या आळींत एकच संच असे, तेथें त्या घराची पडवी सायंकाळीं भरून जाई.

परंतु कार्यक्रम पडला साऱ्या महाराष्ट्राचा. ऊंस, द्राक्षें, कपाशी पाहून मुरबाड-शहापूरकडील शेतकऱ्यास कौतुक वाटे. त्याच्या खाचरांत त्यांतील थोडेंच उतरे. आणि भातशेतीच्या कांहीं गोष्टी तर पाहिल्यावांचून उमजतच नाहींत. डॉ. नारायण सावंत यांनीं पुरस्कारिलेली चारसूत्री पद्धतच घ्या. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेंत व पेंढा खाचरांत परत घालणें, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीची गोळी हीं तिचीं चार सूत्रें. लावणी दोरीवर, १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरांनीं करावयाची. मग चार चुडांच्या लहान चौकोनांत मधोमध एकेक गोळी हातानें चिखलांत ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचावयाची. हें वाचून गोंधळ होतो; ताणलेली दोरी व चिखलांत गेलेला हात एकदां दिसला कीं पुन्हां विचारावें लागत नाहीं. वरून फेंकलेलें खत आमच्या पावसांत बांधाबाहेर वाहून जातें, गोळी मुळाशीं राहते.

साधी अँटेना आतां निरुपयोगी झाली आहे. दूरदर्शननें २०२२ पर्यंत आपले बहुतेक जुने प्रक्षेपक बंद केले. तेव्हां छत्री किंवा केबल हाच मार्ग उरला. केबलवाल्यांच्या स्थानिक वाहिन्यांवर वाढदिवसाच्या शुभेच्छा, मंडळांच्या आरत्या व क्रिकेटचे सामने दिसतात. (सामने आम्हीही पाहतों!) ज्या वाहिनीस मिरवणुकीसाठीं दोन तास सांपडतात, तिला पेरणीच्या तोंडावर रोपवाटिकेसाठीं अर्धा तास कां सांपडूं नये? भाताच्या अनेक जाती देणारें कर्जतचें संशोधन केंद्र कल्याणहून आगगाडीच्या वाटेवर आहे. तेथील लावणी चित्रित करणें फार खर्चाचें नाहीं. मात्र कार्यक्रम रात्रीं आठनंतर असावा, कारण लावणीच्या दिवसांत दिवेलागणीपूर्वीं कोणी घरीं नसतो. गांवोगांवच्या शेतकऱ्यांनीं ही मागणी आपल्या केबलचालकाकडे मे महिन्यांतच लेखी करावी. वर्गणी तर आपण बारमाही भरीतच आहों.