आधी खोटा भार, मग खरा डायोड

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात राहणाऱ्याला विजेची ओळख करून द्यायला नको. महाऔष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या उठता-बसता डोळ्यांसमोर असतात. इरई धरणाचे पाणी आणि खाणीतला कोळसा यांवर हे केंद्र चालते. त्यातले मोठे संच प्रत्येकी ५०० मेगावॅटचे आहेत. बंद असलेला संच सुरू झाला, की तो लगेच तारांच्या जाळ्याला जोडत नाहीत. त्याचा दाब आणि गती जाळ्याशी जुळते का, ते आधी पाहतात. जुळली, की मगच जोडतात.

हाच नियम अगदी लहान वस्तूलाही लागू आहे. ती वस्तू म्हणजे लेसर डायोड.

फरशी बसवणारा कारागीर हल्ली भिंतीवर लाल रेघ पाडून सपाटी पाहतो. दुकानदार मालावरच्या काळ्या पट्ट्यांवर लाल उजेड टाकून किंमत वाचतो. हा उजेड लेसर डायोडचा. तांदळाच्या दाण्याहूनही बारीक असा एक स्फटिक, त्यातून हा उजेड निघतो. लहान लाल डायोडचा उजेड साधारण ५ मिलिवॅटचा असतो. आपल्या केंद्रातला एक मोठा संच याच्या दहा हजार कोटी पट मोठा!

अमेरिकेत १९६० मध्ये पहिला लेसर चालला आणि १९६२ मध्ये डायोडचा लेसर तयार झाला. तो डायोड अतिशय थंड करून ठेवावा लागे. आता तशी गरज उरलेली नाही. पण उष्णता ही त्याची वैरीण, ती आजही आहे.

असे का, ते पाहू. साध्या बल्बला दाब थोडा जास्त दिला, तर वीजप्रवाह, म्हणजे करंट, थोडाच वाढतो. डायोडचे तसे नाही. दाब किंचित वाढला, की करंट भसकन वाढतो. करंट वाढला, की डायोड तापतो. तापला, की तेवढ्याच दाबाला आणखी करंट ओढतो. मग आणखी तापतो. डोळ्याचे पाते लवण्याआधी स्फटिकाचे उजेड देणारे तोंड जळून जाते. असा गेलेला डायोड पुष्कळदा मिणमिणता लाल दिसत राहतो. आपल्याला वाटते, चालू आहे. पण लेसर संपलेला असतो.

म्हणून डायोडला सरळ बॅटरी जोडू नये. मध्ये ड्रायव्हर नावाचे छोटे सर्किट लावतात. ठरवलेल्या करंटपेक्षा जास्त पुढे जाऊ द्यायचा नाही, हे त्याचे काम. पण किती करंट, ते आपणच ठरवून द्यायचे असते. ते ठरवताना चूक झाली तर?

शेतकरी नवा गोऱ्हा भरल्या गाडीला जुंपत नाही. आधी रिकाम्या गाडीला जुंपतो. आपणही तसेच करावे. खऱ्या डायोडच्या जागी आधी खोटा भार लावावा. कारागीर त्याला डमी लोड म्हणतात. तो बिघडला तर थोडक्या पैशांत नवा होतो. शिवाय तो लेसरचा उजेड देत नाही, म्हणून डोळ्यांना धोका नाही.

खोटा भार असा करा. १एन४००७ नावाचे तीन साधे डायोड एकाच दिशेने, एकापुढे एक जोडा. लाल लेसर डायोडला सुमारे सव्वादोन व्होल्ट लागतात. या तिघांवर मिळून जवळजवळ तेवढेच पडतात. त्यांच्या पुढे १ ओहमचा रेझिस्टर जोडा. त्याच्या दोन टोकांवर मीटर लावून मिलिव्होल्ट वाचा. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. हिशेब सोपा आहे.

आता ड्रायव्हर. एलएम३१७ या तीन पायांच्या वस्तूने तो करता येतो. ९ व्होल्टचा पुरवठा पुरतो. तिच्या आउटपुट आणि ॲडजस्ट या पायांमध्ये रेझिस्टर लावतात आणि ॲडजस्टच्या पायापासून भार सुरू होतो. १.२५ ला त्या ओहमने भागले, की करंट कळतो. तिथे ४७ ओहमचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्यापुढे ५० ओहमचा फिरवता येणारा प्रिसेट लावा. प्रिसेट चुकून उलटा फिरला, तरी करंट सुमारे २७ मिलिअँपिअरवर जात नाही. पक्का रेझिस्टर राखणदारासारखा आड उभा असतो.

समजा, डायोडच्या कागदावर चालवण्याचा करंट ३० लिहिला आहे. मग क्रम असा ठेवा.

पहिले, प्रिसेट सर्वांत कमी करंटवर आणा.

दुसरे, खोटा भार जोडा, मग वीज द्या. मीटर साधारण १३ दाखवील.

तिसरे, प्रिसेट हळूहळू फिरवा. २४ वर थांबा. हावरेपणा करू नका. थोडा कमी उजेड चालेल, पण डायोड टिकेल.

चौथे, दहा मिनिटे तसेच चालू ठेवा. मग चार-पाच वेळा बंद-चालू करून पाहा. आकडा हलत नसेल, तर काम ठीक आहे.

पाचवे, वीज बंद करा. ड्रायव्हरची दोन्ही टोके तारेने क्षणभर एकमेकांना टेकवा. मगच खरा डायोड जोडा.

या पाचव्या पायरीत घाई करू नका. आमचा पहिला डायोड इथेच गेला. करंट अगदी बरोबर लावला होता. पण खोटा भार काढला, तेव्हा वीज चालूच होती. ड्रायव्हरच्या टोकांवरचा कपॅसिटर तेवढ्यात पुऱ्या दाबाने भरला आणि खरा डायोड टेकताच सारी साठवण त्याच्यावर ओतली गेली. म्हणून चालू ड्रायव्हरला डायोड कधीही जोडू नये.

अंगावरची स्थिर वीजही डायोडला मारते. सोल्डरिंग आयर्नला अर्थिंग असावे. आपणही आधी अर्थिंगच्या धातूला हात लावावा.

एक अपवाद सांगतो. काही ड्रायव्हर डायोडचाच उजेड मोजून करंट कमी-जास्त करतात. खोट्या भाराला उजेड नाही, म्हणून त्यांना ही रीत लागू पडत नाही.

शेवटी डोळ्यांचे. डायोड लागल्यावर त्याच्या तोंडाकडे कधीही पाहू नये. आरसा, स्टीलचे भांडे यांवरून परतणारी रेघही टाळावी. काही लेसर डोळ्यांना दिसतच नाहीत. ते तर अधिक घातक. मुलांच्या हाती लेसर देऊ नये. जळालेला डायोड बाजारात पुन्हा मिळतो. डोळा मिळत नाही.